सोलापूर बोलतेय

रत्नमालाला समोरासमोर बसून बोलता यायचं नाही. बोलायची ती भरपूर, पण तोंड भिंतीकडे, डोळे मिटलेले आणि मान डाव्या खांद्याकडे जराशी कललेली. नव्या माणसाला वाटायचं, ही बाई आपल्यावर रुसली आहे, नाहीतर हिची मान तरी आखडली आहे. एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या बाईंनी तिला मानेला चोळायचं कुठलंसं तेल सुचवलं. रत्नाने ते दुसऱ्या दिवशी आणलंसुद्धा. "वास कसा हाय बघावं म्हटलं," एवढंच तिचं कारण.

मान आखडलेली नव्हती. टेलिफोनच्या नोकरीत ती तशी झाली होती. सोलापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये रत्ना ट्रंक ऑपरेटर होती. म्हणजे काय, हे आजच्या मुलांना समजावून सांगावं लागतं. तेव्हा सोलापुरातून माढ्याला फोन करायचा तर घरून नंबर फिरवून लागत नसे. आधी एक्स्चेंजला सांगायचं आणि वाट बघत बसायचं. इथली ऑपरेटर माढ्याच्या ऑपरेटरला हाक मारणार, ती पुढे गावातल्या नंबराला जोडून देणार, आणि मग तुम्ही बेंबीच्या देठापासून ओरडून मामाची खुशाली विचारणार. ह्या सगळ्या भानगडीतली मधली बाई म्हणजे रत्ना. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात वायरी. डोळे मिटले की लांबचा आवाज स्वच्छ येतो, असं ती सांगायची. पुढे ते बोर्ड गेले, रत्नाला बिलांच्या काउंटरवर बसवलं, यथावकाश ती निवृत्तही झाली. मान मात्र कललेलीच राहिली.

आम्ही दोघी एका शाळेतल्या, एका बाकावरच्या. मी पुढे भूगोलाची शिक्षिका झाले. ती एक्स्चेंजला लागली तेव्हा मला तिचा हेवा वाटायचा, कारण तिच्याकडे रोज नव्या बातम्या असायच्या. बातम्या म्हणजे हवामानाच्या. "आज करमाळ्याकडं गारा पडाल्यात," असं ती मला बसस्टॉपवर सांगायची. कारण ह्या ऑपरेटर बायका लाईन मोकळी असली की आपसांत गप्पा मारत, आणि एक मजेशीर रीत होती त्यांची. त्या एकमेकींना नावाने हाक मारत नसत. गावाने मारत.

"काय गं माढा, जेवलीस का?"

"जेवले की. तुमच्याकडं आभाळ आलंय का सोलापूर?"

वर्षानुवर्षं असंच. करमाळा बाळंत झाली, माढ्याच्या सासूबाई गेल्या, नातेपुते रजेवर आहे, हे सगळं रत्नाला ठाऊक. पण माढ्याचं खरं नाव काय, ते तिने कधी विचारलं नाही आणि माढ्यानेही सांगितलं नाही. मला ह्याचं फार आश्चर्य वाटायचं. मी म्हणायचे, "अगं, रोज बोलतेस आणि नाव माहीत नाही?" ती म्हणायची, "लाईनीवर नाव कशाला लागतंय?"

तिचे आवाजही दोन होते. लाईनीवरचा आवाज शुद्ध, मऊ, इस्त्री केलेला. "सोलापूर बोलतेय. आपली तीन मिनिटं झाली, वाढवायची का?" हेडफोन काढला की दुसरा आवाज. "अगं बया, लई डोकं उठलंय बघ, चल उसाचा रस पिऊ." हे दोन्ही आवाज एकाच गळ्यातून कसे निघतात, ह्याचं कोडं मला शेवटपर्यंत सुटलं नाही.

आणखी एक कोडं होतं. इतक्या लोकांची बोलणी तिच्या कानांवरून गेली. भांडणं, लग्नाची बोलणी, मयताच्या खबरी. तिने काय काय ऐकलं असेल! मी खूप खोदून विचारायचे. ती कानावर हात ठेवायची. "लाईन लागली का ते बघायचं. काय बोलत्यात ते बघायचं न्हाय." मला हे कधी खरं वाटलं नाही, पण एवढ्या वर्षांत तिच्या तोंडून एक अवाक्षर बाहेर पडलं नाही हेही तितकंच खरं.

आता थोडं माझ्याबद्दल सांगावं लागेल, नाहीतर पुढचं लक्षात येणार नाही.

निवृत्तीनंतर माझे कान गेले. एकदम नाही, हळूहळू. आधी कुकरच्या शिट्या चुकायला लागल्या, मग दारावरची बेल, मग माणसं. एका बारशात कुणीतरी मला सासऱ्यांच्या आजारपणाचं सांगत होतं आणि मी हसून "छान झालं हो" म्हणाले. त्या बाईंचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. त्या दिवसापासून मी चार माणसांत जाणं सोडलं. यजमान आधीच गेलेले. मुलगा निखिल पुण्यात. घरात मी आणि टीव्ही, आणि टीव्हीचा आवाज एवढा मोठा की वरच्या मजल्यावरच्यांनी आपला टीव्ही न लावता माझ्या सगळ्या मालिका ऐकल्या.

निखिलने कानाला लावायचं यंत्र आणून दिलं. महागाचं, छोटंसं. मी ते डबीत घालून कपाटात ठेवून दिलं. वर्गात मागच्या बाकावरची कुजबूज पकडणारी मी, आणि आता कानामागे हे लोंबकळत ठेवून हिंडू? तो पुण्याला ये म्हणायचा. नातीचं शाळेत नाव घातलं होतं, ती व्हिडिओवर येऊन हात हलवायची, काहीतरी विचारायची, आणि मी नुसती मान डोलवायचे. माझी नात काय विचारते ते मला माहीत नव्हतं. जावंसं तर खूप वाटायचं. पण एकटीने गाडीत बसायचं, टीसी काय विचारतोय कळायचं नाही, शेजारचा काय म्हणतोय कळायचं नाही, लोक एकमेकांकडे बघून हसणार. नकोच ते. आता असंच घरात बसून संपायचं, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यात मला थोडी ऐटही वाटत होती.

अशात एका मे महिन्याच्या दुपारी रत्ना आली. सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी माणूस रस्त्यावर दिसला तर लोक दार उघडून बघतात. ही आपली छत्री घेऊन, साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट घालून, खांद्याला पिशवी अडकवून दारात उभी. पिशवीत नेहमीप्रमाणे कडक भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी. बाहेर पडताना ती हे घेतल्याशिवाय निघत नसे, मग जायचं कोपऱ्यावर असो की कोल्हापूरला.

मी तिला सांगून टाकलं, मला ऐकू येत नाही, तेव्हा गप्पाबिप्पा काही जमायच्या नाहीत. असं सांगितलं की लोक दोन गोष्टी करतात. एकतर अरेरे म्हणतात, नाहीतर ओरडायला लागतात. रत्नाने दोन्ही केलं नाही. ती माझ्याजवळ सरकून बसली आणि विचारलं,

"कसं येतंय गं ऐकू?"

"म्हणजे?"

"म्हणजे लांबून येतंय का? खरखर हाय का? का शब्दाचं शेपूट तुटतंय?"

मी विचार केला. खरंच विचार केला, कारण आजवर डॉक्टर सोडून मला हे कुणी विचारलंच नव्हतं, आणि डॉक्टरांनाही आकडे हवे होते. मी म्हटलं, "शेपूट तुटतं. पहिलं अक्षर येतं आणि पुढचं विरून जातं." आणि मला रडू आलं. दुःखाचं नव्हे, कुणीतरी नेमकं विचारलं म्हणून.

रत्नाला मात्र आनंद झाला. "मग चांगलं हाय की! नातेपुत्याची लाईन पावसाळ्यात अशीच असायची. डोकं तेवढं येतंय, शेपूट गायब. त्या लाईनीवर मी लोकांची लग्नं जमवलीत बाई!"

"मग अशा लाईनीवर तू करायचीस काय?"

"काय करायचं? पुन्हा बोला म्हणायचं."

"आणि तरी कळलं नाही तर?"

"पुन्हा बोला म्हणायचं."

"लाज नाही वाटायची?"

"लाज?" रत्नाने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "अगं, पगार त्याचाच मिळायचा मला."

तिला तासाभरात निघायचं होतं. निघताना दारात उभी राहून तिने तो इस्त्रीचा आवाज काढला, "आपली तीन मिनिटं झाली, वाढवायची का?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता पुन्हा आत येऊन बूट काढले. रात्रीचं जेवून गेली.

त्यानंतर ती मला बाहेर काढू लागली. पण उपदेश नाही. यंत्र लाव, असं एकदाही म्हणाली नाही. कपाटातली डबी तिने बघितलेली होती, उघडून, फिरवून, वास घेऊन पुन्हा ठेवली होती. तिचं म्हणणं एवढंच, की मला अंबाडीची भाजी आणायचीय, एकटीला कंटाळा येतो, तू चल.

बाजारात तिने मला एका तेलुगू बोलणाऱ्या भाजीवालीसमोर उभं केलं आणि स्वतः चार पावलं लांब जाऊन वांगी निरखत बसली. मी भाव विचारला. बाई काहीतरी म्हणाली. मला डोकं आलं, शेपूट आलं नाही. मी रत्नाकडे बघितलं. ती वांग्याच्या देठाचा अभ्यास करत होती. अखेर मी घशातल्या घशात म्हटलं, "पुन्हा बोला."

बाई पुन्हा बोलली. मी पुन्हा तेच म्हटलं. आजूबाजूच्या बायका बघायला लागल्या. मग भाजीवालीने आपल्या कानाला हात लावला आणि मोठ्यांदा, सावकाश विचारलं, "कान न्हाई का अम्मा?"

मी म्हटलं, "नाही."

"माझ्या सासूला बी न्हाई. ती तर वरून शिव्या घालती. तू बरी." आणि तिने एक जुडी जास्तीची टाकली.

मी हसले. भर बाजारात, पदर तोंडाला न लावता हसले. रत्ना लगेच हजर. "काय म्हणाली, काय म्हणाली?" तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. मी ऐकलेली गोष्ट मी तिला सांगत होते, हे घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं.

रत्नाचा स्वतःचा एक उद्योग निवृत्तीपासून चालू होता. ज्या गावांशी ती आयुष्यभर बोलली, ती गावं ती एकेक करून बघून येत होती. गावात बघण्यासारखं काही असावं लागतं, अशी तिची अट नव्हती. माढ्याहून आली तेव्हा मी विचारलं, काय पाहिलंस? म्हणाली, "टेलिफोनचं जुनं घर. कुलूप हाय. आत कबुतरं हायत. पायरीवर बसून भाकरी खाल्ली. लई छान वारं." बस्स, एवढंच. पण हे सांगताना तिचा चेहरा असा, की मलाच वाटलं आपण माढ्याला न जाऊन काहीतरी हुकवलं आहे.

मी तिला एकदा विचारलं, "तुला कधी कशाचा कंटाळा येत नाही का गं?" तिचं आयुष्य काही सोपं नव्हतं. नवरा लवकर गेला, एका मुलीला तिने रात्रपाळ्या करून वाढवलं. घर लहान. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, शेजारी बुद्धाची मूर्ती, पुढे मेणबत्ती, आणि खाली तिने कुठून कुठून उचलून आणलेले दगड, पिसं, बियांच्या शेंगा. ती म्हणाली, "येतो की. लई येतो. म्हणून तर बघायला जाती." कंटाळा आला की मी झोपते. एवढाच काय तो आमच्यात फरक.

हुरड्याच्या दिवसांत तिने जाहीर केलं की आता नातेपुते. आणि मला घेऊनच. हे गाव तिने मुद्दाम मागे ठेवलं होतं, कारण तिथली ऑपरेटर तिची सगळ्यात लाडकी. वाईट लाईनीवर सगळ्यात जास्त वेळ एकमेकींशी झगडल्या असतील तर ह्या दोघी. "उंच हाय, किडकिडीत हाय, चष्मा असणार," रत्ना एसटीत मला सांगत होती. मी विचारलं, तुला काय माहीत? "आवाजावरनं कळतंय की."

नातेपुत्याला उतरल्यावर पंचाईत झाली. नाव तर माहीत नाही. चहाच्या टपरीवर रत्नाने विचारलं (तिथलं आणि पुढचंही बोलणं तिने मला मागाहून सांगितलं), "हितं पूर्वी टेलिफोनात एक बाई हुत्या. कुटं राहत्यात?" टपरीवाला म्हणाला, बाईचं नाव काय? रत्ना म्हणाली, नाव न्हाय माहीत, मैत्रीण हाय माझी. टपरीवाल्याने आम्हा दोघींकडे एकदा नीट बघून घेतलं. शेवटी बाकावर बसलेले एक आजोबा म्हणाले, "टेलिफोनवाली शालन व्हय? जावा की, पिठाच्या गिरणीमागं. दारात शेरडं बांधल्याली हायत."

शेरडं होती. दारात बसून तांदूळ निवडणारी बाई मात्र बुटकी, गोल आणि बिनचष्म्याची होती. रत्नाने सांगितलं, मी सोलापूर. शालनबाई म्हणाल्या, "सोलापूरला तर आमच्या येळंला लई जणी हुत्या. तुमी त्यातल्या कंच्या?"

आम्ही आत बसलो. चहा झाला. शालनबाईंनी प्रवास कसा झाला विचारलं, रत्नाने बरा झाला सांगितलं. मग कुणीच बोलेना. मला ऐकू येत नसलं तरी बोलणं थांबलेलं कळतं, ओठ दिसतात. रत्नाचा चेहरा पडलेला मी त्या एकाच दिवशी पाहिला. पिशवीतून आणलेली चटणीची पुडी ती नुसती हातात फिरवत होती. मला वाटलं, झालं, आता हिला समजावत घरी न्यावं लागणार. आणि मला भीतीही वाटली. हिचीच उमेद गेली तर मला कोण बाहेर काढणार?

तेवढ्यात रत्ना उठली. चहाचे ग्लास उचलून ती भिंतीपलीकडच्या स्वयंपाकघरात गेली. मी मधल्या उंबऱ्याशी बसले होते, त्यामुळे मला दोन्ही खोल्या दिसत होत्या. रत्नाने ग्लास ठेवले, भिंतीकडे तोंड केलं, डोळे मिटले, मान कलवली आणि काहीतरी बोलली. इकडे शालनबाईंचा तांदळातला हात थांबला. त्यांनीही डोळे मिटले. त्यांची मान उजवीकडे कलली. आणि त्यांचं सगळं तोंड उघडून हसू फुटलं.

पुढे अर्धा तास मी जे पाहिलं ते जगात फार थोड्यांनी पाहिलं असेल. दोन म्हाताऱ्या बायका, मधे भिंत, दोघी आपापल्या बाजूने भिंतीशी बोलतायत, हातवारे करतायत, डोळ्यांतलं पाणी पुसतायत, मांडीवर थापा मारतायत. कुणी उठून दुसरीच्या खोलीत जात नाही. मी उंबऱ्यावर, कधी इकडे बघते कधी तिकडे, आणि मला काही म्हणजे काही कळत नाही. काय बोलत असतील? कशाला हसल्या एवढ्या? आता शालनबाईंनी कपाळावर हात का मारला? माझा जीव नुसता तळमळायला लागला.

निखिलने मेसेज केला होता, प्रवासात तरी यंत्र जवळ ठेव. डबी पर्समध्ये होती. मी ती काढली. आतापर्यंत मला कुणी लाजवून, समजावून, रागावूनही जे जमलं नव्हतं, ते मी त्या उंबऱ्यावर बसून निव्वळ चोंबडेपणापायी केलं. यंत्र कानात घातलं.

आधी कर्कश शिट्टी आली. मग शेरडाचं बेंबाटणं, इतकं जवळ की मी दचकले. गिरणीची घरघर. आणि मग, भिंतीच्या दोन्ही बाजूंनी, आधी शालनबाई, मागोमाग रत्ना,

"आनि त्या मास्तराचं झालं का गं लगीन शेवटी? ती पोरगी रोज फोन लावायची बघ, मास्तर न्हाईत का म्हनून!"

"झालं की! अगं, मीच लाईन आधी जोडून द्यायची तिला. आता नातवंडं हायत त्यांना!"

म्हणजे ह्या दोघी ऐकत होत्या! सगळं ऐकत होत्या! एवढी वर्षं माझ्यासमोर कानावर हात ठेवून बसलेली ही बाई, जिल्ह्यातली सगळी प्रेमं, सगळी भांडणं पोटात घेऊन हिंडत होती. मी एवढ्यांदा हसले की दोघी थांबल्या.

रत्ना उंबऱ्यात आली. तिने माझ्या कानाकडे पाहिलं. त्यानंतर माझ्याशी बोलताना तिने माझ्यासाठी जरासा चढवलेला आवाज खाली आणला, नेहमीच्या माणसाशी बोलतो तेवढा. मला ते फार गोड वाटलं.

परतीच्या एसटीत मी तिला धरलं. "तू ऐकायचीस!"

"आवाज स्वच्छ येतोय का ते बघायला ऐकावंच लागतंय की," ती गंभीरपणे म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

त्यानंतर मी पुण्याला जायचं ठरवलं. म्हणजे रत्नाने विचारलं, "नात काय विचारती गं तुला व्हिडिओवर?" आणि मी म्हटलं, माहीत नाही. "मग जाऊन बघ की काय विचारती ते," ती म्हणाली. एकटीने जायची माझी अजून छाती नव्हती, तेव्हा ती पुण्यापर्यंत सोबत येणार असं ठरलं. ती निघालीही सोबत, पण मधेच केम स्टेशनवर उतरली. चुकून राहिली की मुद्दाम उतरली, हे मला आजतागायत कळलेलं नाही. त्या संध्याकाळी तिने एक फोटो पाठवला. दोन्ही तळवे लालभडक, आणि खाली लिहिलेलं, केम. त्या गावात कुंकू तयार होतं. तिला स्वतःला कुंकवाचं काही नव्हतं, पण हळदीचं पिवळं असं लाल कसं होतं, ते तिला कधीचं बघायचं होतं.

मी पुण्यात रमले. महिन्याचे तीन झाले. नात मला काय विचारायची ते कळलं. आजी, तुझ्या शाळेत घंटा होती का, असं विचारायची. ह्या मधल्या काळात रत्ना गेली. झोपेतच गेली, असं तिच्या मुलीने कळवलं. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तिच्या घरी जाऊन मी ते दगड आणि पिसं बघत बसले आणि मला तिचा राग आला, अजून येतो. मला बाहेर काढलंस आणि स्वतः चालती झालीस, ही काय पद्धत झाली?

म्हणजे मी तिला शेवटचं पाहिलं ते केमच्या फलाटावर. सकाळची वेळ. आमची पॅसेंजर क्रॉसिंगसाठी थांबली होती. रत्ना "जरा बघून येती" म्हणून उठली. खांद्याला तिची पिशवी होती. ती तिने का घेतली, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. भाकऱ्यांचं पुडकं मात्र तिने माझ्याजवळ बाकावर ठेवलं होतं. समोरून दुसरी गाडी धडधडत गेली आणि आमची गाडी हलली. मी खिडकीला नाक लावलं. रत्ना फलाटावर उभी होती. धावत नव्हती, घाबरलेली नव्हती. ती गाडीबरोबर चार पावलं चालली, हाताने लांब पुढे कुठेतरी दाखवत तिने मला काहीतरी सांगितलं. गाडीच्या खडखडाटात यंत्राचा काही उपयोग नव्हता. मग पांढरे बूट, छत्री आणि हललेला हात, एवढंच मागे गेलं.

आता उतरावं का, साखळी ओढावी का, निखिलला कळवावं का, सगळं एकदम मनात आलं. समोर घोंगडी पांघरलेले एक म्हातारे बाबा बसले होते. खिडकी त्यांच्याही बाजूला होती. मी त्यांना विचारलं, "काय म्हणाली हो ती?"

ते काहीतरी बोलले. कळलं नाही. मी कानाला हात लावून त्यांना दाखवला आणि पुन्हा विचारलं. ते पुढे वाकले.

"म्होरं पानी यील म्हनल्या. धरणाचं. लई मोठं. ह्या अंगानं न्हाय दिसत, त्या अंगाला बसा म्हनल्या."

"आणि ती? तिचं काय?"

"त्येचं काय न्हाय बोलल्या."

मी पर्स उचलली, पुडकं उचललं आणि उठले. पलीकडच्या बाकावर सगळी अनोळखी माणसं होती, खिडकीशी एक जाडजूड बाई पाय पसरून बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि माझ्या वर्गातल्या आवाजात म्हटलं, "जरा सरकता का? मला पाणी बघायचंय."